हायड्रॉलिक बेड वर टिकत नाही, बंद होत नाही, वाकडा उचलतो: पंप बदलण्याआधी काय तपासायचं

फर्निचर फिटिंगच्या कामात हायड्रॉलिक बेडची तक्रार ठरलेली असते आणि फोनवरचं पहिलं वाक्यही ठरलेलंच असतं: "पंप गेलाय, नवीन घेऊनच या." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा पंप, म्हणजे झाकण उचलून धरणारा नळी-दांडा, धडधाकट निघतो आणि बदललेलं असतं ते त्याच्यावरचं ओझं. नवे पंप बसवूनही महिन्याभरात तीच रड सुरू झाली, तर समजा की मुळात तपासणी चुकीच्या टोकाकडून झाली. खाली क्रम फुकटच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे लावला आहे. मधले टप्पे गाळू नका.

लक्षणं

आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ठरवा.

झाकण वर नेलं की टिकत नाही, हात सोडला की हळूहळू खाली बसतं.
टिकतं, पण उचलताना कंबरेचा काटा ढिला होतो.
उघडताना झेप घेतं आणि बंद करायला त्यावर बसावं लागतं.
एक कोपरा आधी उचलतो, दुसरा मागे राहतो. बंद केल्यावर एका बाजूला फट दिसते.
मे महिन्यात छान चालतं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी रुसतं.
उघडताना कट्‌कट् किंवा करकर आवाज येतो.

आणि एक वेगळंच: वर टिकलेलं झाकण काही न करता एकदम आदळलं. हे झालं असेल तर पुढच्या तपासण्या करत बसू नका. बेड बंद ठेवा, आतलं सामान तसंच राहू द्या आणि थेट शेवटचा भाग वाचा.

लक्षणाबरोबर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे सुरू होण्याआधी घरात काय बदललं? नवी गादी आली? घर बदललं? रंगकाम झालं? मला निम्मं उत्तर इथेच मिळतं.

हात घालण्याआधी

झाकणाखाली डोकं किंवा हात घालायचा असेल तर टेकू हवाच. दोन इंच जाडीचा सागाचा किंवा पाइनचा रेजा, झाकण पूर्ण उघडल्यावर बरोबर बसेल एवढा कापून घ्या. खालचं टोक घसरणार नाही असं कोपऱ्यात रुतवा. "तू धरून ठेव, मी बघतो" हा टेकू नव्हे. धरणाऱ्याला शिंक आली की गादीसकट सत्तर-ऐंशी किलो खाली येतं. इंग्लंडमध्ये डरहॅम परगण्यात जून २०२४ मध्ये अशाच गॅस पिस्टनच्या (म्हणजे पंपाच्या) बेडचं झाकण मानेवर पडून एका महिलेचा मृत्यू झाला. पिस्टन सदोष होता, असं तिथल्या मृत्यू-चौकशीत नोंदलं गेलं. लहान मुलं खोलीबाहेर, हे वेगळं सांगायला नको.

१. आतलं सामान आणि चादर (खर्च शून्य)

स्टोरेज म्हटलं की आपण ठासतो: गोधड्या, पाहुण्यांच्या उश्या, दिवाळीचे आकाशकंदील, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली भांडी. दोन्ही बाजूंना पंपाचा लोखंडी आर्म फिरतो, त्याला बंद होताना जागा लागते. तिथे रजईचा कोपरा गेला तर झाकण दोन बोटं वर राहतं आणि वाटतं की पंप कडक झाला. आर्मपासून चार इंच तरी मोकळे ठेवा. चादरीची झालर पंपाच्या दांड्यात अडकली आहे का तेही पाहा. कापड नुसतं अडवत नाही. त्याचे धागे आणि वाळूचे कण सीलमध्ये, म्हणजे दांडा नळीत शिरतो तिथल्या रबरी कड्यात, घुसतात, आणि ते दुखणं पुढे पंपावर निघतं.

२. गादी डोक्याकडे टेकते का

हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पाच इंची गादीसाठी बनवलेल्या बेडवर आठ किंवा दहा इंची गादी आली की झाकण उघडताना गादीची वरची कड हेडबोर्डला जाऊन भिडते. झाकण पूर्ण उघडतच नाही. पंप ज्या कोनापुढे वजनावर मात करतो, त्या कोनाच्या अलीकडेच सगळं थांबतं, आणि हात काढला की ते परत खाली येतं. बाजूने उभं राहून पाहा, कळायला पाच सेकंद लागतात. गादी पायाकडे दोन इंच ओढून झाकण टिकलं तर निदान झालं. पायाकडच्या पट्टीचा स्टॉपर सैल झाल्यामुळे गादी डोक्याकडे घसरत असेल, तर तो घट्ट करा. काम संपलं.

३. वजन (खर्च: सामान तोलायचा लटकता काटा)

इथे थोडा वेळ द्या, कारण खरी मेख इथे आहे.

पंपाच्या नळीवर १००० किंवा १२०० असा आकडा आणि पुढे एन असतं. एन म्हणजे न्यूटन. दहाने भागलं की साधारण किलो, म्हणजे १००० चा पंप सुमारे १०० किलोचा जोर लावतो. मग लोक म्हणतात, "दोन पंप म्हणजे दोनशे किलो, माझी गादी तर पस्तीस किलोची!" घरातलं कुठलंही दार कडीजवळ एका बोटाने ढकला, मग बिजागरीपासून चार बोटांवर ढकलून पाहा. पंप बिचारा कायम त्या चार बोटांवरून ढकलत असतो.

ठोकळ आकडे घेऊ. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, १८ मिलिमीटर प्लायचं झाकण आणि त्याची फ्रेम मिळून ४० किलो. गादी ३५ किलो. एकूण ७५. हे वजन मधोमध, म्हणजे बिजागरीपासून सुमारे एक मीटरवर काम करतं: ७५ गुणिले १, म्हणजे ७५. आता पंप. झाकण बंद असताना पंप जवळपास आडवा झोपलेला असतो. त्याच्या रेषेपासून बिजागरीचं काटकोनातलं अंतर १६ सेंटिमीटर धरू. दांडा पूर्ण आत असताना जोर छापील आकड्यापेक्षा जास्त असतो, साधारण २० ते ४० टक्के. तो १२५ किलो धरू. दोन पंपांचे मिळून २ गुणिले १२५ गुणिले ०.१६, म्हणजे ४०. पंच्याहत्तरातले चाळीस पंपाने उचलले, उरलेले पस्तीस तुमच्या वाट्याला. तुम्ही दोन मीटरवरून, पायाकडून उचलता, म्हणून हाताला साडेसतरा किलो लागतात. ठीक आहे, घरातलं कुणीही उचलेल.

झाकण ४५ अंशांवर गेलं की वजन बिजागरीच्या जवळ सरकतं आणि त्याचा भार ५३ वर येतो. दांडा बाहेर येत गेल्याने पंपाचा जोर १०५ किलोवर उतरतो, पण त्याचं अंतर वाढून ३० सेंटिमीटर झालेलं असतं. पंप ६३ लावतो. म्हणून तिथून पुढे ते आपणहून वर जातं.

आता याच बेडवर वीस किलो जड गादी टाका. पायाकडे हाताला साडेसत्तावीस किलो लागतील. ४५ अंशांवर वजन ६७ आणि पंप ६३, म्हणजे हात सोडला की खाली. पंप नवाकोरा आहे, तरी बेड "बिघडला".

उलटंही तितकंच खरं. गादी काढून ठेवली की वजन ४० आणि पंपही ४०. म्हणून नवा बेड गादीशिवाय बंद करायला गेलं की तो तरंगतो, आणि ग्राहक फोनवर ओरडतो की बेड बंदच होत नाही. होणारच नाही. त्याचा हिशेब गादीसकट केलेला असतो. तो दाबून बंद करण्यासाठी वर उड्या मारू नका, आर्म वाकतो. आणि बंद बेडवरून जड गादी ओढून काढताना तोंड झाकणावर आणू नका.

तुमच्या बेडचे अंतर-कोन वेगळे असतील, पण मोजायला गणित नको. पायाकडच्या उचलायच्या पट्ट्याला लटकत्या काट्याचा हुक लावा आणि सरळ वर ओढा. कड सुटते त्या क्षणी काटा काय दाखवतो ते पाहा. १० ते १८ किलो असेल तर हिशेब जमला आहे. २५ च्या वर गेलं की एक तर ओझं वाढलंय किंवा पंप थकलाय. तीन-चार किलोच असेल तर पंप गरजेपेक्षा तगडा आहे.

ओझं की पंप, हे ओळखायचं कसं? गादी काढा आणि झाकण उघडा-मिटून पाहा. गादीशिवाय झाकण झोकात वर जातंय आणि टिकतंय, तर पंप जिवंत आहेत. गादीशिवायही ते मान टाकत असेल, तर पंपाकडे वळा.

४. हवामान

आपण हायड्रॉलिक म्हणत असलो तरी आत दाबलेला नायट्रोजन असतो, आणि तेल अगदी थोडं. वायू थंड झाला की दाब उतरतो: दर दहा अंशांना साधारण साडेतीन टक्के. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ४० आणि जानेवारीच्या पहाटे १०, म्हणजे जोरात दहा टक्क्यांचा फरक. विदर्भात तो आणखी वाढतो. नुसत्या हिवाळ्यात रुसणारा बेड निकामी नसतो, काठावर असतो. एवढ्यासाठी लगेच खर्च करायची गरज नाही. पण पुढच्या हिवाळ्यात तो आणखी लवकर बसायला लागला तर पंपातला वायू कमी होतोय असं समजा.

५. नट, स्क्रू आणि प्लाय

करकर, कट्‌कट् आणि वाकडं उचलणं हे तिन्ही बहुतेक वेळा इथलेच. टेकू लावा, मोबाइलची बॅटरी लावा आणि दोन्ही बाजूंना पंप ज्या लोखंडी पट्ट्यांवर (ब्रॅकेटवर) बसवलाय त्या पाहा. पट्टी आणि प्लायमध्ये पोस्टकार्ड सरकतंय का? स्क्रूभोवती लाकडाचा पिवळसर भुसा पडलाय का? भुसा दिसला तर स्क्रू भोकात हलतोय. सुतारी बेडपेक्षा पार्टिकल बोर्डच्या तयार बेडमध्ये हे जास्त दिसतं. ते बोर्ड खाली दाबलेलं भरपूर सोसतं, पण स्क्रू ओढला की भुग्यासारखं सुटतं. आणि लक्षात घ्या, बेड बंद असताना, तुम्ही झोपलेले असताना, हे स्क्रू शंभर-सव्वाशे किलोचा धक्का चोवीस तास झेलत असतात.

भोकात काडी आणि फेव्हिकॉल घालून तोच स्क्रू परत पिळणं कपाटाच्या बिजागरीला चालतं. इथे नाही. इथे आतून १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा चिकटवून, आरपार ८ मिलिमीटरचे बोल्ट, मागून रुंद वॉशर आणि नायलॉक (आपणहून सैल न होणारा) नट, हाच इलाज. घरात ड्रिल मशीन असेल आणि हात बसलेला असेल तर करा.

पंपाच्या टोकांच्या नटांबाबत मात्र उलट सावधगिरी. तिथे कचकचून आवळायचं नसतं. नट आवळल्यावरही पंपाचं टोक बोल्टभोवती हाताने फिरलं पाहिजे. ते जाम असेल तर दांड्यावर आडवा जोर येतो, सील एका बाजूने घासतं आणि दोन वर्षं जास्त चालणारा पंप आधीच आटोपतो.

सगळं घट्ट असूनही फट राहत असेल तर झाकणाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे असतील तर झाकण काटकोनात आहे, पिळलेला आहे तो बेड. फरशीला उतार असतोच, त्यामुळे चारही पाय टेकलेत का पाहा. घर बदलल्यावर सुरू झालेल्या तक्रारीत हे हमखास निघतं. न टेकलेल्या पायाखाली प्लायची चकती सारली की पीळ सुटतो.

६. पंप स्वतः

आता कुठे पंपाची पाळी आली. झाकण उघडं, टेकू लावलेला. चकचकीत दांडा नळीत शिरतो त्या गळ्याशी पांढरा टिश्यू पेपर फिरवा. तेलाचा डाग आला तर सील गेलं. दांड्यावरून नख फिरवा. ओरखडा किंवा गंजाचा खडबडीत ठिपका लागला तर ते सील आज नाही तर उद्या जाणारच. मुंबई आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात महिनोन् महिने न उघडलेल्या बेडमध्ये, हे ठिपके लवकर येतात.

रंगकामानंतरच्या तक्रारी इथेच उगम पावतात. पुट्टी घासताना उडालेली भुकटी किंवा पॉलिशचा फवारा दांड्यावर बसतो, वाळतो, आणि पुढच्या वेळी दांडा आत जाताना सीलला कानस लावतो. रंगारी घरात असतील तोवर बेड बंद ठेवा, त्यावर प्लास्टिक घाला. बसलेली भुकटी मऊ, कोरड्या कापडाने पुसा. दांड्याला खोबरेल, मशीन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावू नका. तेलकट दांड्यावर धूळ चिकटून तीच आत जाते.

पंप बसवलाय कोणत्या बाजूने, तेही पाहा. बेड उघडा असताना जाड नळी वर आणि दांडा खाली हवा. आतलं तेल गळ्याशी येऊन सील ओलं ठेवतं आणि शेवटच्या टप्प्यात झाकणाची गती मवाळ करतं. उलटा बसवलेला पंप चालतो, पण उघडताना शेवटी खाडकन थांबतो आणि सील लवकर सुकतं. ब्रॅकेट दोन्हीकडे सारखंच असेल तर पंप फिरवून लावायला पैसे लागत नाहीत.

७. पंप काढणं आणि नवे घेणं

पंप काढायचा तो झाकण पूर्ण उघडं असतानाच. तेव्हा दांडा बाहेर आलेला असतो आणि ताण सर्वांत कमी. गादी आधी उतरवा. टेकू एक नाही, दोन्ही बाजूंना दोन. मग एका वेळी एकच पंप: बोल्टचा असेल तर पान्याने, गोल वाटीचा असेल तर वाटीवरची तारेची क्लिप चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडी उचलून.

काढलेला पंप दांडा खाली करून लाकडी फळीवर उभा धरा आणि सरळ वरून भार द्या. १००० चा पंप पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाच्या पूर्ण भाराने दबायला नको. दबला तर संपला. तिरका धरून दाबू नका, सटकला तर हनुवटी फुटते.

बदलायचे तर दोन्ही. एक जुना, एक नवा ठेवला की झाकण पिळायला लागतं आणि पैसे वाचवल्याचं समाधान बिजागऱ्यांवर वसूल होतं. दुकानात जाताना जुना पंप सोबत न्या, मग ते पुण्यातलं भवानी पेठेचं मार्केट असो नाही तर मुंबईतलं नागदेवी स्ट्रीट. न्यूटन सोडून तीन गोष्टी तंतोतंत जुळल्या पाहिजेत: दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर, दांडा किती आत जातो ते आणि टोकांचा प्रकार. अर्धा इंच लांब पंप लावला की झाकण बंदच होत नाही, आणि जोर करून बंद केलं की ब्रॅकेट उखडतं.

न्यूटन किती घ्यायचं? गादी तीच असेल तर जुनाच आकडा. वरच्या उदाहरणातली जड गादी ठेवायची असेल तर १२०० वर झाकण टिकेल, पण उचलायला जडच राहील. १५०० वर हात हलका होईल. मात्र गादी काढली की बंद झाकण स्वतःहून उठेल आणि प्लायमधल्या स्क्रूंवरचा ताण दीडपट होईल. मी स्वतः १२०० कडे झुकतो. आरपार बोल्ट नसलेल्या बेडला १५०० लावायला मी नकार देतो, मग ग्राहक कितीही म्हणो.

"गॅस भरून देतो" म्हणणारे भेटतात, विशेषतः गाड्यांच्या डिकीचे पंप करणारे. सील गेलेल्या नळीत वायू भरून तो टिकणार नाही, आणि तो दाब गंमत नाही. १० मिलिमीटर दांड्याच्या १००० च्या पंपात सुमारे १२५ बार दाब असतो, कारच्या टायरच्या पन्नासपट.

इथे थांबा, माणूस बोलवा

झाकण एकदम आदळलं असेल. दांडा वाकलाय किंवा नळीला पोचा आलाय. आर्मची वेल्डिंग तडकली आहे; ती घरी चिकटवायची गोष्ट नाही, आणि पंप जागेवर ठेवून वेल्डिंग तर मुळीच नाही, कारण तापलेली नळी फुटू शकते. प्लायला वाळवी लागली आहे किंवा पार्टिकल बोर्डाची बाजूच फाटली आहे. ब्रॅकेटची जागा बदलून नवी भोकं पाडायची वेळ आली आहे: वरच्या हिशेबातले १६ चे १४ सेंटिमीटर झाले तरी पंपाचा वाटा ४० वरून ३५ वर येतो, त्यामुळे हे अंदाजपंचे करू नका. आणि घरात तुम्ही एकटेच असाल तर सातव्या टप्प्याला हातच लावू नका.

बेड वॉरंटीत असेल तर एकही नट सोडण्याआधी कंपनीच्या फिटरला बोलवा. वॉरंटी संपली असेल तर हायड्रॉलिक बेड बनवणारा सुतार गाठा, नुसता कपाटं करणारा नको. त्याला फोनवर तीन गोष्टी सांगा: पंपावरचा आकडा, गादीची जाडी आणि काट्यावर आलेले किलो. हे ऐकून जो आधी गादीबद्दल दोन प्रश्न विचारेल, त्याला या म्हणा.

जुने पंप भंगारात देताना भंगारवाल्याला तोंडाने सांगा की आत दाब आहे, कापू नकोस आणि आगीत टाकू नकोस. तो ते बाकीच्या लोखंडात मिसळतो आणि पुढे कुणीतरी गॅस कटर लावतो. नळीवर मार्करने मोठ्या अक्षरांत "दाब आहे" लिहून दिलं तर उत्तम.